चित्रं कातळावर, नाव सातबाऱ्यावर

केपटाऊनहून उत्तरेला गाडीनं तीनेक तास गेलं की क्लॅनविल्यम लागतं. तिथून पूर्वेचा पाखुइस घाट ओलांडला की सेडरबर्ग डोंगररांगेची कोरडी, लालसर पिछाडी सुरू होते. इथला वाळूचा खडक वाऱ्यापावसानं खालून पोखरला गेला आहे, त्यामुळे जागोजाग कातळाच्या ओसऱ्या तयार झाल्या आहेत. या ओसऱ्यांमध्ये इथल्या मूळच्या शिकारी रहिवाशांनी, म्हणजे सान लोकांनी, हजारो वर्षं चित्रं काढली. याच पट्ट्यात ‘बुशमन्स क्लूफ’ हे आलिशान रानातलं विश्रामस्थळ आहे. जमीन साधारण 7,500 हेक्टर, खोल्या वीसपेक्षा कमी, आणि हद्दीत चित्रांच्या 130 हून जास्त जागा. झेब्रे आहेत, हरणं आहेत, साडेसातशेच्या आसपास वनस्पतींची नोंद आहे, आणि जाल्मार व आयोनी रुडनर या अभ्यासक दांपत्यानं जमवलेल्या सान वस्तूंचं छोटं संग्रहालयही आहे. एका रात्रीचं भाडं इतकं असतं, की क्लॅनविल्यममधल्या शेतमजुराला तिथं पाहुणा म्हणून जाणं आयुष्यात शक्य होणार नाही.

हा वारसा इतक्या महागड्या फाटकाच्या आत असावा का, हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझं उत्तर ‘असू द्यावा’ असं आहे, पण तीन अटींवर. जमिनीवरचं संरक्षण मालकाच्या मर्जीवर न राहता जमिनीच्या दस्तावर चढलं पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांचं नाव विकून खोल्या भरतात, त्यांना त्यातला ठरलेला हिस्सा मिळाला पाहिजे. आणि चित्रांच्या ओसरीपर्यंत जाण्याचा त्यांचा हक्क लेखी असला पाहिजे. यांतली एकही अट सुटली, तर त्या जागेला फार तर सुंदर हॉटेल म्हणता येईल, वारशाची राखणदार म्हणता येणार नाही.

आधी चित्रांचं बघू. लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. काळा कोळशाचा किंवा मँगनीजचा, पांढरा पांढऱ्या मातीचा. बांधणीला चरबी, रक्त, अंड्याचा बलक किंवा झाडाचा चीक वापरत. गेरू खडकात मुरतो, म्हणून टिकतो. पांढरा रंग वरच्यावर बसलेला असतो आणि पहिल्यांदा तोच गळून पडतो. इलंडची, म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत थोराड हरणाची, अनेक चित्रं आज मुंडक्याविना, पायांविना दिसतात ती यामुळे. लाल धड उरलं, आणि पांढऱ्यात रंगवलेली मान, तोंड, पाय गेले. मुंडकं नसणं हाच चित्राचा गूढ अर्थ आहे असं कुणी पाहुण्यांना सांगत असेल, तर त्याला रंगांची माहिती नाही.

या रंगाला धोका कशाकशाचा असतो, ते तपशिलानं सांगायला हवं, कारण महागड्या विश्रामस्थळांच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा तिथंच आहे. पहिला धोका हाताचा. बोटांचा तेलकटपणा आणि घाम रंगावर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. दुसरा धोका पायांचा. ओसरीची जमीन राखेची आणि बारीक वाळूची असते. दहाबारा माणसं पाय घासत हिंडली की ती उडते आणि भिंतीवर थर धरते. पूर्वी फोटोत रंग खुलावेत म्हणून लोक चित्रांवर पाणी शिंपडत, ओलं फडकं फिरवत. त्या पाण्यानं खडकातले क्षार विरघळून पृष्ठभागाकडे येतात, सुकताना स्फटिक होतात आणि रंगासकट पापुद्रा उचलतात. शेळ्यामेंढ्या सावलीला येऊन भिंतीला अंग घासतात. गांधीलमाशा चित्रावर मातीची घरटी बांधतात, आणि ती खरवडायला गेलं की रंगही निघतो. शिवाय खडकावर नाव कोरणारे आहेतच.

यावरचा उपाय साधा आहे, पण रोज पाळावा लागतो. एका वेळी आठदहापेक्षा जास्त माणसं न्यायची नाहीत, सोबत वाटाड्या हवाच. पाठीवरच्या पिशव्या ओसरीबाहेर ठेवायच्या, भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, आणि ओसरीत वाळूवरून न चालता सपाट दगड मांडलेल्या वाटेवरून चालायचं. पायवाट ओसरीच्या समोरून आणायची नाही, कडेनं आणायची, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून आत वळत नाही. पन्नास पाहुण्यांच्या आत कारभार असलेल्या जागेला हे सहज जमतं. दिवसाला चार बस उतरणाऱ्या जागेला जमत नाही. म्हणून ‘फाटक उघडा, सगळ्यांना आत सोडा’ ही मागणी मला कितीही न्याय्य वाटली, तरी ती मी करणार नाही.

पण थोडी माणसं आणि श्रीमंत माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच पाखुइस घाटापलीकडे, बुशमन्स क्लूफच्या शेजारच्या शेतजमिनीवर सेव्हिला नावाची पायवाट आहे. काही किलोमीटरच्या वाटेवर चित्रांच्या नऊदहा ओसऱ्या लागतात. नाममात्र शुल्क भरून परवाना घ्यायचा आणि आपलं आपण चालायचं. तिथं क्वाग्गासारख्या दिसणाऱ्या एका धडपडत्या शिंगराचं चित्र आहे. क्वाग्गा हा झेब्र्याचा प्रकार 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात संपला. सेव्हिलाला राखणदारी कमी आहे, जोखीम जास्त आहे. तरी केपटाऊनचा शाळकरी मुलगा ते शिंगरू पाहू शकतो, याचं मोल मोठं आहे. पाहणाऱ्यांची संख्या कमी ठेवायची असेल तर ती भाड्याच्या दरानं न ठेवता पाळीनं, नोंदणीनं ठेवता येते. आठवड्यातला एक दिवस, दोन पाळ्या, प्रत्येकी दहा माणसं, एवढं केलं तरी वर्षाला हजार माणसं होतात, आणि कातळावरचा भार फारसा वाढत नाही.

आता कायदा. दक्षिण आफ्रिकेच्या 1999 च्या राष्ट्रीय वारसा संपदा कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या शैलचित्राच्या व्याख्येतच चित्राभोवतीचा 10 मीटरचा परिसर धरलेला आहे. परवान्याशिवाय त्याला हात लावणं, उकरणं, हलवणं गुन्हा आहे, आणि पुरातत्त्वीय वस्तूंची मालकी राज्याची आहे. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा मालकाच्या नावावर, पण कातळावरचं चित्र आणि त्याभोवतीची दहा मीटर जागा त्याला मनमानी वापरता येत नाही. ही तरतूद चांगली आहे, पण ती नकारात्मक आहे. काय करू नये ते ती सांगते. वाटाड्या ठेवा, दर काही वर्षांनी छायाचित्रं घ्या, वंशजांना येऊ द्या, असं काही ती मालकाकडून करून घेत नाही. ही पोकळी मालकाच्या भलेपणानं भरली जाते, किंवा भरली जात नाही.

जाहिरातपत्रकांत या चित्रांना दहा हजार वर्षं जुनी म्हणतात. इथं सावध राहायला हवं. गेरूत कार्बन नसतो, त्यामुळे लाल चित्राचं वय कार्बनवरून थेट काढता येत नाही. कोळशाचा किंवा काजळीचा काळा रंग असेल तरच सुईच्या टोकाएवढा नमुना घेऊन ते जमतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा मोजणीत आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली सर्वांत जुनी थेट तारीख आग्नेय बोत्स्वानातून आली, सुमारे 5,700 वर्षांची. नामिबियातल्या एका गुहेत सापडलेल्या रंगवलेल्या दगडी फरश्या याहून कितीतरी जुन्या आहेत, पण त्यांचं वय मातीच्या थरावरून ठरलं आहे. सेडरबर्गमधली काही चित्रं फार जुनी असतीलही. पण वाटाड्यानं ‘हे नेमकं किती जुनं ते माहीत नाही, आणि का माहीत नाही ते असं’ म्हणणं हाच त्या चित्राचा मान आहे. याच ओसऱ्यांत हाताचे ठसे आणि बोटांचे ठिपके आहेत, ते बारीक रेघांच्या चित्रांनंतरचे. आणि काही ठिकाणी बैलगाड्या आणि टोपी घातलेली माणसं आहेत. म्हणजे चित्रकार गोऱ्या वसाहतवाल्यांना पाहायला जिवंत होते.

ते पुढे कुठे गेले, हा भाग सुटीवर आलेल्या पाहुण्याला सांगणं अवघड असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी तो दोन वाक्यांत उरकतात. 1774 मध्ये केप वसाहतीच्या सशस्त्र टोळ्यांनी एकाच मोहिमेत 500 हून अधिक सान माणसं मारली, आणि मुलंबाया धरून शेतांवर राबायला नेल्या. अशा मोहिमा शतकभर चालू होत्या. केपच्या आतल्या भागातली खाम भाषा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलती राहिली नाही. आज आपल्याला ती कळते, कारण 1870 च्या दशकात केपटाऊनमध्ये विल्हेल्म ब्लेक आणि ल्यूसी लॉइड यांनी खाम बोलणाऱ्या कैद्यांकडून आणि त्यांच्या नातलगांकडून ऐकून हजारो पानं लिहून काढली. सेडरबर्गच्या चित्रांचे अर्थ आपण लावतो ते बरंचसं त्या वह्यांच्या आधारे. दक्षिण आफ्रिकेच्या 2000 सालच्या राजमुद्रेवरचं घोषवाक्य खाम भाषेत आहे, आणि ती मातृभाषा असलेलं कुणीच उरलेलं नाही.

म्हणून सेडरबर्गमध्ये ‘सान समाजाला परत द्या’ म्हणणं जितकं बरोबर, तितकंच अवघड आहे. इथं सान म्हणून वेगळी वस्ती नाही. त्यांचं रक्त आजच्या क्लॅनविल्यम, वुपरथाल, ह्यूनिंगफ्ले इथल्या आफ्रिकान्स बोलणाऱ्या कष्टकरी कुटुंबांत मिसळलेलं आहे. ‘सान’ हे नावही शेजारच्या खोईखोई पशुपालकांनी दिलेलं. ‘बुशमन’ काहींना अपमान वाटतो, काही जण ते अभिमानानं वापरतात, आणि बहुतेकांना आपल्या समूहाचं नाव जास्त जवळचं असतं. वंशज कोण, हे ठरवणं कठीण आहे असं म्हणून हॉटेलवाल्यांना हात झटकता येतात. मला ते मान्य नाही. वाटाड्यांच्या जागा, प्रशिक्षण आणि हिश्श्याचा पैसा या तीन गावांकडे वळवायला वंशावळ लागत नाही. केपटाऊन विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी क्लॅनविल्यममध्ये स्थानिक तरुणांना चित्रांचे वाटाडे म्हणून तयार करण्याचं काम केलंच आहे. माणसं आहेत. त्यांना हंगामी रोजंदारीऐवजी पगारी, चढत्या हुद्द्याची नोकरी हवी, आणि काय सांगायचं ते ठरवण्याचा अधिकार हवा.

आता प्राणी. विश्रामस्थळांच्या छायाचित्रांत सगळ्यात पुढे तेच असतात, आणि माझ्या मते संवर्धनाच्या हिशेबात त्यांचं वजन सर्वांत जपून मोजायला हवं. 1991 च्या एका कायद्यानुसार पुरेसं कुंपण घातलेल्या जमिनीवरचं वन्यजनावर मालकाची मालमत्ता ठरतं, पळून गेलं तरी. त्यामुळे हरणं लिलावात विकत घेता येतात, आणि पाहुण्यांना जास्त जाती दिसाव्यात म्हणून जिथं ती कधीच नव्हती तिथंही आणून सोडली जातात. बॉन्टेबॉक हे हरीण घ्या. मूळ मुलूख दक्षिण किनाऱ्याजवळचा ओव्हरबर्ग. 1931 मध्ये त्याच्यासाठी पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथं 17 जनावरं होती. त्याला वाचवणं मोलाचंच होतं. पण सेडरबर्गच्या कुंपणात त्याला ठेवणं म्हणजे विमा आहे, मूळ घरी परत आणणं नाही. शिवाय जवळच ब्लेसबॉक, म्हणजे त्याचे भाऊबंद, ठेवले तर दोघांचा संकर होतो, आणि मग रक्ततपासणीशिवाय शुद्ध कळप कळत नाही.

केप पर्वती झेब्र्याची गोष्ट वेगळी, कारण या पर्वतरांगा त्याचं घरच. गेल्या शतकाच्या मध्याला तो 80 च्या खाली गेला होता आणि तीनच ठिकाणी उरला होता. आज पाच हजारांच्या आसपास आहेत, आणि या वाढीत खासगी जमिनींचा वाटा खरा आहे. तरी अडचण आहे. बहुतेक नवे कळप क्रॅडॉक गावाजवळच्या एकाच मूळ कळपातून आलेले, त्यामुळे वाणातली विविधता कमी. आणि वाळूच्या खडकावरच्या नापीक जमिनीतल्या फाइनबॉस या इथल्या झुडपी रानात गवत फार कमी, तर झेब्र्याला गवतच लागतं. मग तो जुन्या सोडलेल्या शेतांत आणि नुकत्याच जळालेल्या रानात गर्दी करतो, आणि तेवढे तुकडे चरून उघडे पडतात. काही मालक मग लसूणघासाच्या पेंढ्या टाकतात. त्यातून तण येतं, आणि जमीन पेलू शकते त्याहून जास्त जनावरं जगत राहतात. कळप मोठा दिसतो आणि खालची झुडपं मरतात. दर काही वर्षांनी जनावरं हलवायची तयारी नसेल, तर झेब्रा आणू नये.

कुंपणाची किंमतही बोलली जात नाही. उडी मारणाऱ्या हरणांसाठी तारा उंच लागतात, आणि खाली खणून कुणी येऊ नये म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवर वीजप्रवाहाची तार लावतात. कासवाला झटका बसला की ते पळत नाही, पाय आत ओढून तिथंच बसतं. झटका बसतच राहतो आणि ते मरतं. या भागात कासवं विपुल आहेत. खालची वीजतार वर सरकवली किंवा काढली तर हे थांबतं, खर्च जवळजवळ शून्य. ज्या विश्रामस्थळाला कासवांची संख्या विचारल्यावर उत्तर देता येत नाही, त्याच्या झेब्र्यांच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

बिबट्या तर कुंपण मानतच नाही. केप पर्वतातला नर जेमतेम 35 किलोंचा, सव्हानातल्या भाऊबंदांच्या निम्म्याच्या थोडा वर. पण भक्ष्य विरळ असल्यानं त्याचा इलाखा शेकडो चौरस किलोमीटरचा. 7,500 हेक्टर म्हणजे 75 चौरस किलोमीटर. म्हणजे हा बिबट्या विश्रामस्थळाचा नसतोच. शेजारचा मेंढपाळ लोखंडी सापळा लावतो की राखणीचा कुत्रा पाळतो, यावर तो जगतो. 2004 पासून केप लेपर्ड ट्रस्ट इथं याच दिशेनं काम करत आहे. विश्रामस्थळानं बिबट्यासाठी काय केलं हे मोजायचं असेल, तर शेजाऱ्याच्या मेंढ्यांच्या कोंडवाड्याला किती पैसे दिले ते विचारावं.

आणि आता जे जाहिरातीत सर्वांत कमी दिसतं, पण जिथं या जागांचा खरा कस लागतो, ते रान. केपचं पुष्पराज्य, म्हणजे स्वतःच्या वनस्पतींचा वेगळा प्रदेश, जेमतेम 90,000 चौरस किलोमीटरचं, आणि त्यात सुमारे 9,000 जातींच्या वनस्पती. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त जगात दुसरीकडे नाहीत. हे रान आगीवर जगतं. साधारण दहा ते वीस वर्षांनी एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी जळावं लागतं. फार लवकर जळलं तर प्रोटिया या फुलझुडपाची झाडं बी धरायच्या आत मरतात. म्हणून नियम असा, की सगळ्यांत सावकाश वाढणाऱ्या प्रोटियाची निदान निम्मी झाडं तीन हंगाम फुललेली असल्याशिवाय पेटवायचं नाही. फार उशिरा जळलं तर वाळलेलं जळण साचतं आणि आग भट्टीसारखी होते.

गवती छपराच्या महागड्या खोल्या रानात बांधल्या की मालकाचा कल नेमका या दुसऱ्या चुकीकडे जातो. धूर नको, काळं रान पाहुण्यांना नको, विमा कंपनीला जोखीम नको. म्हणून प्रत्येक आग विझवायची. पंचवीस-तीस वर्षांनी वीज पडते, आणि मग जे पेटतं ते कुणाच्या आवाक्यात राहत नाही. त्या उष्णतेनं ओसरीच्या खडकाचे कपचे उडतात, चित्रांसकट. म्हणजे आगीला घाबरणारं विश्रामस्थळ आपल्याच चित्रांच्या नाशाची तयारी करत असतं. नियोजनपूर्वक जाळणं हा एकच मार्ग आहे. जमिनीचे तुकडे पाडायचे, कुठला तुकडा कधी जळाला त्याचा नकाशा ठेवायचा, आग अडवणाऱ्या जाळरेषा आधी स्वच्छ करायच्या. 1998 च्या कायद्यानं जाळरेषा मालकावर बंधनकारक आहेतच. शेजाऱ्यांच्या अग्निसुरक्षा संघात राहायचं. पेटवण्याआधी प्रत्येक चित्रओसरीसमोरची पाचदहा मीटर झुडपं हातानं कापायची आणि कापलेलं उचलून लांब न्यायचं. तिथंच ढीग घातला तर ओसरीच्या तोंडाशी होळी रचल्यासारखं होतं. ही चूक प्रत्यक्षात होते, कारण कापणाऱ्या मजुराला ‘साफ करा’ एवढंच सांगितलेलं असतं.

या डोंगरांना नाव देणारा सेडर वृक्ष आज अतिसंकटग्रस्त आहे. तो हजार मीटरच्या वर, कातळांच्या फटींत उरला आहे. 1879 मध्ये तारयंत्राच्या खांबांसाठी 7,000 हून जास्त कोवळे सेडर तोडले गेले, आणि त्याआधी शतकभर लाकडासाठी तोड चालूच होती. पण आज त्याला मारते ती मुख्यतः आग. जळाल्यावर तो बुंध्यातून फुटत नाही, बियांतूनच पुन्हा यावं लागतं. ह्यूनिंगफ्ले गावात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी गावकरी, केपनेचर ही प्रांतिक संस्था आणि बुशमन्स क्लूफ मिळून सेडरची रोपं लावतात. हा कार्यक्रम मला फार आवडतो, कारण तो फाटकाबाहेर, गावात होतो. पण रोपं लावणं म्हणजे झाड येणं नव्हे. पावसाळा इथं हिवाळ्यात, त्यामुळे रोपाला पहिला उन्हाळा पाण्याविना काढावा लागतो, आणि बरीच रोपं तिथंच जातात. बबून उपटतात, साळिंदर कुरतडतं. त्यातून वाचलेल्या रोपाला बी धरायच्या वयाला येईपर्यंत दीडदोन दशकं आगीपासून राखावं लागतं. म्हणून पाहुण्यांना ‘तुमच्या नावानं एक सेडर’ विकण्यापेक्षा पाच, दहा, वीस वर्षांपूर्वीच्या रोपांतली किती जगली याचा आकडा दाखवावा. आकडा छोटा असेल तरी चालेल.

परकी झाडं काढणं हे काम त्याहून कमी देखणं. पाइन आणि हेकिया यांची फळं बी आत कोंडून ठेवतात आणि झाड मेलं की सोडतात. म्हणून झाड कापून तिथंच आडवं पडू द्यायचं. वर्षदीड वर्षात बी गळून रुजतं, आणि ती रोपं बी धरायच्या आत सगळं जाळायचं. नदीकाठच्या काळ्या बाभळीला हा उपाय चालत नाही. ती बुंध्यातून फुटते, म्हणून जमिनीलगत कापून तासाभरात बुंध्यावर तणनाशक लावावं लागतं, आणि तिचं बी जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतं. दरवर्षी परत जाऊन रोपं उपटली नाहीत तर पहिल्या वर्षाचा सगळा पैसा पाण्यात. सरकारी योजनेचा निधी तीन वर्षांनी आटतो, हीच तिथली नेहमीची रड. महागड्या खोल्यांचं उत्पन्न दरवर्षी येतं. या एका कारणासाठी मी श्रीमंत पाहुण्यांच्या पैशाचं मनापासून स्वागत करतो.

नदीचंही असंच. इथल्या यलोफिश आणि रेडफिन माशांना गळवाल्यांच्या हौसेसाठी सोडलेल्या अमेरिकन बास माशानं खाऊन संपवत आणलं. सेडरबर्गमधल्या रोन्डेगाट नदीच्या सुमारे चार किलोमीटरच्या पट्ट्यात, वर धबधबा आणि खाली बंधारा अशी कोंडी साधून, केपनेचरनं 2012 मध्ये आणि पुन्हा 2013 मध्ये रोटेनोन हे वनस्पतीजन्य विष वापरून बास काढला. खाली पोटॅशियम परमँगनेट सोडून विष निकामी केलं. नंतर वरच्या भागातले देशी मासे आपणहून खाली उतरले. दोन वर्षांचं काम, आणि एका जातीसमूहाला नदी परत मिळाली. ज्यांच्या हद्दीत ओढे आहेत त्या मालकांनी तळ्यात बास ठेवू नये, एवढी साधी अपेक्षाही सगळीकडे पाळली जात नाही.

आता पैसा आणि हक्क. रूइबोस हे झुडूप याच मुलुखातलं, आणि त्याचा चहा जगभर जातो. त्याचं ज्ञान खोईखोई आणि सान लोकांचं, हे मान्य व्हायला फार वर्षं लागली. त्याआधी हूडिया या भूक मारणाऱ्या वनस्पतीचं पेटंट सरकारी संशोधन संस्थेनं सान लोकांना न विचारता घेतलं होतं. बोभाटा झाल्यावर 2003 मध्ये 6 टक्के स्वामित्वधनाचा करार झाला, पण औषध बाजारात आलंच नाही आणि हिस्सा कागदावर राहिला. रूइबोसचा करार नोव्हेंबर 2019 मध्ये झाला. शेतावरच्या खरेदी किमतीवर दीड टक्का, प्रक्रिया उद्योगानं भरायचा. पहिला हप्ता 2022 मध्ये 1 कोटी 22 लाख रँडचा (रँड हे तिथलं चलन) होता. हा आकडा नफ्यावर नाही, खरेदीच्या किमतीवर आहे. नफा हिशेबात लपतो, खरेदी लपत नाही.

चहाच्या पाकिटाला जे लागू, ते चित्रांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या खोलीला का लागू नसावं? केवळ अंदाजासाठी धरा: पंधरा खोल्या, वर्षातल्या 60 टक्के रात्री भरलेल्या, रात्रीला 15,000 रँड. वर्षाचं भाडं सुमारे 4 कोटी 93 लाख रँड होतं, आणि त्याचा दीड टक्का 7 लाख 39 हजार. यात काही वाटाड्यांचा वर्षाचा पगार निघतो, किंवा शाळांच्या सहलींचा आणि चित्रांच्या देखरेखीचा सगळा खर्च. हॉटेल यानं बुडत नाही. हिस्सा गेला पाहिजे तो सान परिषदेशी आणि तिथल्या गावांशी ठरवलेल्या विश्वस्त निधीत, मालकाच्या स्वतःच्या प्रतिष्ठानात नाही. स्वतःच्या प्रतिष्ठानातून दिलेलं दान असतं. दानाला ‘पुढच्या वर्षी नाही’ म्हणता येतं.

‘मग सगळंच समाजाच्या हाती का देत नाही?’ असं विचारणारे बरोबर प्रश्न विचारतात. उदाहरण आहे. 1999 मध्ये खोमानी सान समाजाला कालाहारीतल्या जमिनीचा दावा मिळाला, आणि कगालागाडी उद्यानात त्यांच्या आणि मीर समाजाच्या मालकीचं खाउस लॉज 2007 मध्ये उघडलं. मालकी समाजाची, रोजचा कारभार व्यावसायिकांकडे. दूरवरची जागा, थोडे पाहुणे, त्यामुळे फायदा मोठा नाही. पण कुणाची गोष्ट कोण सांगणार, हे तिथं ठरलेलं आहे. उलट टोकाला बोत्स्वाना. मध्य कालाहारी अभयारण्य 1961 मध्ये तिथल्या सान लोकांनाही राहता यावं म्हणून केलं, आणि 1997 व 2002 मध्ये त्यांनाच बाहेर काढलं. 2006 मध्ये उच्च न्यायालयानं हकालपट्टी बेकायदा ठरवली. तरी कूपनलिकेच्या पाण्यासाठी त्यांना 2011 पर्यंत अपिलात लढावं लागलं, आणि त्याच काळात त्याच अभयारण्यात पोहण्याच्या तलावासह पर्यटक तळ उभा राहिला. संवर्धन हा शब्द किती दूर नेता येतो, ते तिथं दिसलं. सेडरबर्गमध्ये आज कुणाला हाकललं जात नाही हे खरं. ते काम अठराव्या शतकातच उरकलं होतं.

खासगी मालकीचा सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे मालक बदलणं. वारस वेगळा निघतो, कंपनी विकली जाते, डोंगरउतारावर रूइबोस किंवा, पाणी मिळालं की, संत्र्याची बाग जास्त पैसे देते. यावर कायद्यात इलाज आहे. 2003 च्या संरक्षित क्षेत्र कायद्याखाली खासगी जमीन निसर्ग राखीव म्हणून घोषित करता येते आणि ती नोंद जमिनीच्या दस्तावर चढते, आपल्याकडे इतर हक्कात बोजा चढतो तशी. नोंद किमान 99 वर्षांची असेल, तर प्राप्तिकरात जमिनीच्या किमतीच्या दरवर्षी 4 टक्के याप्रमाणे 25 वर्षं वजावट मिळते. म्हणजे सरकार जमिनीच्या किमतीएवढी वजावट देऊन कायमपणा विकत घेतं. इतकी सवलत असताना जो मालक ‘आम्ही मनापासून जपतो, कागदाची गरज काय’ म्हणतो, त्याच्या मनावर मी 99 वर्षं विसंबणार नाही. माझी दुरुस्ती एवढीच, की ही वजावट मिळवताना चित्रांच्या ओसऱ्यांपर्यंतच्या वाटेचा हक्क आणि गावांचा हिस्साही त्याच दस्तात लिहिलेला असावा.

कोकणातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. कशेळी, उक्षी, बारसू इथली कातळशिल्पं 2022 मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि ती ज्या सड्यांवर आहेत ते बहुतांशी खासगी मालकीचे. त्या सड्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या इवल्या वनस्पतीही दुसरीकडे सहज मिळत नाहीत. चिरेखाण, बाग की रिसॉर्ट हा प्रश्न तिथंही उभा आहे. सेडरबर्गकडे पंचवीस वर्षांचा अनुभव आणि 10 मीटरची व्याख्या आहे. ती निदान वाचून पाहावी.

शेवटी एक अगदी साधं काम, जे उद्यापासून करता येईल. प्रत्येक ओसरीतल्या प्रत्येक चित्रासमोर कॅमेऱ्याची जागा दगडावर खूण करून ठरवायची. रंगांच्या पट्ट्या असलेली 10 सेंटीमीटरची मोजपट्टी चित्राला न टेकवता शेजारी धरायची. सकाळची ठरलेली वेळ, तोच कोन, दर पाच वर्षांनी एक फोटो. 130 जागांना दोन माणसांचं महिन्याभराचं काम. त्या फोटोंची एक प्रत हॉटेलात, एक प्रांताच्या वारसा कार्यालयात, आणि एक क्लॅनविल्यमच्या वाटाड्यांकडे, जेणेकरून पांढरा रंग कुठल्या वर्षी गेला हे विचारायला कुणाला फाटकावर परवानगी मागावी लागणार नाही.